तिरका धरला की चौकोनाची ‘शंकरपाळी’ होते! आकार शिकवायला काय घ्यावं?

माऊची_आई:
लेक साडेचार वर्षांची. बालवाडीतल्या तक्त्यावरचे आकार धडाधड सांगते. तक्ता सोडला की बोंब. काल चौकोनी कागद टोकावर उभा धरला तर म्हणाली, "आता ही शंकरपाळी." सरळ केला की पुन्हा चौकोन. लांबुडका त्रिकोण काढला तर "हा त्रिकोण नाही, सुळका आहे." त्यात आजी चौकोन म्हणते, पुस्तकात चौरस, शाळेत स्क्वेअर. कुठला खेळ किंवा पुस्तक घेऊ? हजारापर्यंत चालेल.

पाटीपेन्सिल:
टॅनग्राम घ्या. सात तुकडे असतात. दोन छोटे त्रिकोण जोडले की चौरसही होतो आणि समांतरभुज चौकोनही. आमचा तासन्‌तास खेळायचा.

बालवाडीच्या_बाई:
माऊची आई, पैसे जपून ठेवा. ती अख्खं चित्र बघून ओळखते आहे, आपण चेहरा ओळखतो तसं. बाजू आणि कोपरे बघून ठरवणं ही पुढची पायरी. व्हॅन हीले नावाच्या डच शिक्षक पती-पत्नींनी १९५७ मध्ये या पायऱ्या मांडल्या, त्यातली पहिली हीच. तक्त्यावरचा त्रिकोण कायम बूड खाली, टोक वर आणि तिन्ही बाजू सारख्या. तिने तेवढंच पाठ केलंय, दोष तक्त्याचा.

टॅनग्राम छान आहे, पण त्यातले पाचही त्रिकोण एकाच घाटाचे, फक्त लहानमोठे. सुळका त्यात मिळणार नाही. त्यापेक्षा खराट्याचे हीर तोडा, कोपऱ्यांना कणकेच्या गोळ्या लावा. आखूड-लांब कसेही तीन हीर जुळवू द्या. (दोन फारच आखूड असले तर टोकं जुळतच नाहीत. तेही तिलाच सापडू दे.) मग चार सारखे घेऊन चौरस करा आणि हळूच दाबा. ही झाली खरी शंकरपाळी! त्रिकोण दाबून बघा, दबत नाही. आता तिचा कागद घ्या. तो नुसता फिरला, दबला कुठे? दोन्ही शेजारी ठेवून तिलाच विचारा.

रिकामटेकडा:
मग चौरस हाही आयतच असतो, हे आत्ताच सांगून टाकावं का?

बालवाडीच्या_बाई:
नको हो, पोर गोंधळेल! फक्त "आयत म्हणजे दोन बाजू लांब, दोन आखूड" असंही शिकवू नका, पुढे ते खोडावं लागतं. "चारही कोपरे वहीच्या कोपऱ्यासारखे" एवढं पुरे.

सातासमुद्रापार:
आम्ही जर्मनीत. इथे मुलगा क्रायस, ड्रायएक म्हणतो, घरी गोल, त्रिकोण. दोन शब्दांनी काही बिघडलं नाही. मला मराठीतल्या ‘गोल’चीच जास्त पंचाईत वाटते. चेंडू गोल, बांगडी गोल, पोळीही गोल!

आमचा पिशवीचा खेळ सांगते. कापडी पिशवीत फासा, काड्यापेटी, दोऱ्याचं रीळ, चेंडू, बांगडी. आत हात घालायचा, नाव न घेता वर्णन करायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. "घरंगळतं, पण उभंही राहतं" म्हटलं की रीळ. पहिले दोन दिवस नुसतं "मऊ आहे, थंड आहे" चाललं होतं. टोकं किती, कड लागते का, हे आम्हीच विचारत राहिलो. रोज दहा मिनिटं, बास.

माऊची_आई:
आजीच्या चौकोनाचं राहिलंच की!

बालवाडीच्या_बाई:
आजींना बोलू दे. चार बाजूंचा तो चौकोन, म्हणजे चौरस, आयत, शंकरपाळी सगळे चौकोनच. आजी चूक नाहीत.

माऊची_आई: (चार दिवसांनी)
हीर हिट! पिशवीत अजून सगळंच "गार" आहे. पण काल आजी घडीच्या पोळ्या करत होत्या. दोनदा दुमडलेली घडी दाखवून म्हणाल्या, "बघ, त्रिकोण." माऊने बोट फिरवलं. "तीन टोकं आहेत, पण एका बाजूचं पोट सुटलंय." आता ती घडी लाटूच देत नाहीये. तवा तापून धूर निघाला. हिला काय म्हणायचं, कुणी सांगेल का?

रिकामटेकडा:
पाव पोळी म्हणा. आणि आधी गॅस बंद करा.