हंगेरीचा इतिहास 1301 ला नाही, 1074 ला वळवा

1301 मध्ये वारलेला हंगेरीचा राजा तिसरा आंद्राश हा आर्पाद घराण्याचा शेवटचा राजा. त्याला मुलगा असता तर घराणं तगलं असतं, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. तोवर बडे सरदार डोईजड झाले होते. तान्हं पोर गादीवर बसवून काय साधणार?

खरी मेख त्याच घराण्यातल्या राजा शालामोनच्या काळात आहे. राज्याचा एक तृतीयांश भाग राजाच्या भाऊबंदांकडे देण्याची रीत आधीच पडलेली, त्यातून गेझा आणि लास्लो हे चुलतभाऊ स्वतःचं सैन्य बाळगून. 1071 मध्ये बेलग्रेड घेतल्यावर लुटीच्या वाटणीवरून बिनसलं. फेब्रुवारी 1074 मध्ये केमेयच्या लढाईत शालामोन जिंकला, पण गेझा निसटला. तीन आठवड्यांच्या आत, 14 मार्चला, मोज्योरोदच्या लढाईत तोच गेझा लास्लो आणि मोराव्हियाच्या ओटोची फौज घेऊन उलटला आणि जिंकला. कल्पित इतिहास इथूनच फोडा: केमेयला गेझा हाती लागला तर?

क्रूसेडर किंग्ज 3 या व्हिडिओ गेममध्ये 1066 पासून शालामोन म्हणून खेळताना या दोघा चुलतभावांना आधी मंत्रिमंडळात घ्या. बलाढ्य मांडलिक बाहेर राहिला की त्याचं मत 40 ने घसरतं. तुमच्याविरुद्ध जमलेल्या मांडलिकांच्या गटाची लष्करी ताकद तुमच्या ताकदीच्या 80 टक्क्यांवर गेली की असंतोष चढू लागतो. सासरच्या जर्मन मदतीवर विसंबू नका. शालामोनचा मेहुणा, जर्मन राजा चौथा हाइनरिश प्रत्यक्षातही 1074 मध्ये येऊन हात हलवत परतला होता.