जुन्या विटकामातल्या दरजा खरवडायच्या आहेत, विटा न दुखावता – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घराची मागची भिंत शंभरेक वर्षांपूर्वीची आहे. हाताने पाडलेल्या विटा, चुन्यातलं बांधकाम, बाहेरून गिलावा नाही. खालच्या भागातल्या दरजा (विटांमधले मसाल्याचे सांधे) भुसभुशीत झाल्यात, बोट फिरवलं तरी भुगा गळतो. मधल्या पट्ट्यात पूर्वी कुणीतरी सिमेंटने दरजा भरून घेतल्यात. तिथे सिमेंट ठणठणीत आहे आणि शेजारच्या विटांचे पोपडे सुटतायत, लोणाही लागलाय.

गवंडी म्हणतो, ग्राइंडर लावतो, झटपट सगळ्या दरजा मोकळ्या होतील. आधी कोपऱ्यात नमुना करून दाखवा म्हटलं, तर उभ्या दरजांच्या वरच्या-खालच्या विटांना खाचा पडल्या. काम थांबवलंय. आता विचारायचं ते असं: जुना मसाला नेमका किती खोल काढायचा, आणि सिमेंट विटेला चिकटून बसलं असेल तर ते सोडवायचं कसं? हे काम घरात माणसं राहत असताना होणार आहे, त्यामुळे धुळीचीही काळजी वाटते. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

विटकरी:
थांबवलंत ते उत्तम. उभ्या दरजेत ग्राइंडर का चालत नाही, ते साध्या भूमितीतच आहे. चकती गोल, दरज सरळ. दरजेच्या टोकापर्यंत २५ मिमी खोली हवी असेल, तर ११५ मिमीच्या चकतीचा काप पृष्ठभागावर त्या टोकाच्या पुढे जवळजवळ ४७ मिमी जातो. त्यातले १० मिमी आडव्या दरजेत मावतील, बाकीचा काप थेट पुढच्या विटेत. हात कितीही सराईत असो, यातून सुटका नाही.

खोलीचा ठोकताळा दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट. १० मिमीची दरज असेल तर २० ते २५ मिमी. तिथेही मसाला भुसभुशीतच लागला तर घट्ट थर लागेपर्यंत आत जा. मागची बाजू चौकोनी निघाली पाहिजे. व्ही आकाराची खाच राहिली तर नव्या मसाल्याला पकड मिळत नाही. आणि जी दरज घट्ट आहे तिला हातच लावू नका. सगळी भिंत एकसारखी दिसावी म्हणून चांगला चुना उकरणारे लोक पाहिलेत, त्याला माझा विरोध आहे.

चुन्याच्या दरजेला बहुतेकदा हातोडीही लागत नाही. हॅकसॉचं जुनं पातं किंवा टोक वाकवलेली सळई पुरते. छिन्नी वापरलीच तर दरजेपेक्षा अरुंद घ्या आणि दरजेच्या लांबीच्या दिशेने चालवा. विटेच्या कडेवर टेकवून उचकटलं की कड गेलीच. जुन्या विटेची भाजलेली वरची कातडी हेच तिचं चिलखत. ती निघाली की आतला मऊ भाग पाणी पीत राहतो.

सिमेंटचं म्हणाल तर आधी खात्री करा. पुष्कळदा ते जेमतेम ५-१० मिमीचं कवच असतं आणि मागे मऊ चुनाच असतो. एका टोकाला फोडून मागून सैल केलं की पापुद्रा अख्खा निघतो. खोलवर भरलेलं असेल तर दरजेच्या बरोबर मध्यावर ड्रिलने बारीक भोकांची रांग पाडा, मग कडेचं सिमेंट छिन्नीने मधल्या पोकळीकडे पाडा. घाव विटेपासून मध्याकडे पडला पाहिजे. एवढं करूनही विटेची कातडी सोबत येत असेल तर तिथेच थांबा. ते सिमेंट राहू द्या. मसाला पुन्हा भरता येतो, तशी वीट मिळणं कठीण.

रंधा:
वर लिहिलेलं पटलं, पण ग्राइंडर सरसकट बाद नको. आडव्या, रुंद, पक्क्या सिमेंटच्या दरजेत पातळ चकतीने मध्यावर एकच काप घेतला तर छिन्नीचे घाव कमी होतात आणि विटांना हादराही कमी बसतो. अट अशी की दरज सरळ हवी. हाताने पाडलेल्या विटांच्या दरजा नागमोडी असतात, तिथे मी घेणार नाही. त्यापेक्षा कार्बाइड पात्याचं कंप पावणारं मल्टिटूल बरं, उभ्या दरजेतही चालतं.

फुप्फुस:
धुळीबद्दल. मसाल्यातल्या वाळूत आणि विटेत सिलिका असते. त्रास देते ती डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ. तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर इलाज नाही. अमेरिकेत ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने कामगारांसाठी ठरवलेली मर्यादा ८ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे फक्त ५० मायक्रोग्रॅम आहे. यंत्राने कोरडं कापताना ती सहज ओलांडली जाते. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. हाताने खरवडताना निदान एन९५, यंत्र असेल तर एफएफपी३ (त्याहून जास्त धूळ अडवणारा मास्क) किंवा त्यापुढचा, आणि यंत्रालाच जोडलेला हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही. कोरडा झाडू मारू नका, आधी पाणी शिंपडा. त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा, कामाचे कपडे घरात नेऊ नका. डोळ्यांना बंद गॉगल हवाच. छिन्नीचे तुकडे उडतात आणि चुना डोळ्यात गेला तर भाजतो. गेलाच तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टरांकडे जा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. आज एका सिमेंटच्या दरजेचं टोक फोडून पाहिलं, मागे खरंच चुना निघाला! अजून एक, एका वेळी किती भाग मोकळा करावा? या भिंतीत खिडकीवर विटांची कमान आहे.

विटकरी:
भिंतीत लागोपाठ भरून होईल तेवढाच. वरून खाली या, म्हणजे भरलेल्या दरजांवर भुगा पडत नाही. खरवडून झाल्यावर मऊ ब्रशने झाडा, पाणी फवारून वीट ओली करा, पण दरजेत पाणी साचलेलं नको. चुना-वाळूचा मसाला भरताना खोल दरज एकदम भरू नका. ६ मिमीच्या आसपासचा थर, अंगठा दाबल्यावर ठसा जेमतेम उमटेल इतका आवळला की पुढचा.

कमानीला मात्र वेगळा नियम. तिथल्या दरजाच विटांना धरून असतात. सगळ्या एकदम मोकळ्या करू नका. खालून लाकडी टेकू द्या, एक आड एक दरज घ्या, आणि एखादी वीट हलतेय असं वाटलं तर आधी लाकडी पाचर मारा. कमानीत तडा असेल किंवा ती खाली बसल्यासारखी दिसत असेल तर छिन्नी लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. फोटो टाकता येईल का?