'सी आइस'ला हिमनग म्हणायचं का?

पुतणी नववीत आहे, इथे नागपुरातच. हवामान उपग्रहांवरून गोठलेल्या समुद्राचा नकाशा कसा काढतात, यावर ती विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करते आहे. मजकूर तपासायला माझ्याकडे आणला. पहिल्याच ओळीत 'सी आइस'साठी तिनं 'हिमनग' लिहिलंय. मला ते खटकतं. हिमनग हा हिमनदीचा तुटून समुद्रात आलेला कडा, त्याचं पाणी गोडं. 'सी आइस' म्हणजे खुद्द समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठून झालेला थर. शिवाय 'नग' म्हणजे न जाणारा, जागचा न हलणारा, म्हणून डोंगर. तरंगत्या कड्याला हा शब्द लागला तो लागला, आता रुळलाय. पण हात-दोन हात जाडीच्या थराला तरी तो लावू नये. काय लिहावं?

प्रतिसाद

भाऊ, सरळ 'समुद्रबर्फ' लिहा. 'सागरी हिम' शोभिवंत दिसतं, पण हिम म्हटलं की भुरभुर पडणारं डोळ्यांपुढे येतं. फारसीत 'बर्फ' म्हणजेच ते पडणारं हिम. घट्ट गोठलेल्याला तिथे 'यख' म्हणतात. मराठीत मात्र बर्फ म्हटलं की आधी लादीच आठवते.

पातळ, नव्या थराला माझी आई 'साय' म्हणाली असती. गंजातलं दूध निवताना पापुद्रा धरतो, फुंकर घातली की सुरकुततो. शांत समुद्रही तसाच गोठतो: आधी तेलकट झाक, मग लाटेबरोबर वाकणारा पापुद्रा. पाणी खवळलेलं असेल तर एकमेकांवर घासून कडा वर आलेल्या गोल चकत्या होतात. तक्त्यावर 'साय' जरूर लिहू द्या.

आणखी एक प्रतिसाद

तक्त्यात 'उपग्रहाचा फोटो' असेल तर तोही बदला. पहिला हवामान उपग्रह टायरॉस-१, १ एप्रिल १९६० ला गेला. त्यावर टीव्हीचे कॅमेरे होते, म्हणजे ते फोटोच. पण ध्रुवावर महिनोन्‌महिने रात्र, त्यात ढग. डिसेंबर १९७२ मध्ये गेलेल्या निंबस-५ वर सूक्ष्मलहरी मोजणारं उपकरण होतं. बर्फ आणि पाणी, दोन्ही आपणहून सूक्ष्मलहरी सोडतात, बर्फ जास्त. त्या ढगांतून वर येतात आणि त्यांना उजेड लागत नाही. हे मोजमाप आहे, रंग नंतर आपण भरतो. 'प्रतिमा' म्हणा.

मूळ प्रश्न विचारणारा

समुद्रबर्फ पक्का, प्रतिमाही. पण 'एक्स्टेंट'ला तिनं 'क्षेत्रफळ' लिहिलंय आणि इथे शब्द चुकला की आकडाच चुकतो. नकाशाचा एकेक चौकोन साधारण २५ किलोमीटरचा. त्यात १५ टक्के जरी बर्फ असला तरी अख्खा चौकोन 'एक्स्टेंट'मध्ये धरतात. क्षेत्रफळात फक्त बर्फाचा वाटा मोजतात. तिला मी काटोलकडच्या बागेचं उदाहरण दिलं. सातबाऱ्यावर पाच एकर संत्रा, पण डिंक्यानं निम्मी झाडं गेलेली. पाच एकर ही व्याप्ती, उभ्या झाडांखालची जमीन ते क्षेत्रफळ. तिनं लगेच खोडरबर घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकचा जो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरचा नीचांक नोंदला गेला, तो व्याप्तीचा आहे.

आता शेवटचा अडलेला शब्द. बर्फाच्या मधोमध उघडं राहिलेलं पाणी, रशियनमधून आलेला 'पोलिन्या'. कन्हान आटल्यावर पात्रात राहतं तो आपला 'डोह' चालेल का?

प्रतिसाद

सगळीकडे नाही चालणार. १९७४ ते १९७६ या तीन हिवाळ्यांत अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात निंबस-५ ला असं प्रचंड मोकळं पाणी दिसलं. ते खोलातून वर येणाऱ्या उबदार पाण्यामुळे गोठत नव्हतं. डोहात खोलीचा अर्थ आहे, म्हणून तिथे तो नेमका बसतो. किनाऱ्यालगत मात्र वाराच बर्फ ढकलून नेतो आणि पाणी उघडं पडतं. त्याला डोह म्हणवत नाही. तिथे नुसतं 'मोकळं पाणी' लिहायला सांगा.