जॉइंटरचा सुपरवायझर झालोय, फायबरच्या कामावर नेमकं कुठं लक्ष ठेवू?

बालाघाट_जॉइंटर:
नमस्कार मंडळी. सहा वर्षं मी स्प्लायसिंग मशीन (फायबरची टोकं वितळवून जोडणारं) घेऊन रानोमाळ फिरलो, दोन महिन्यांपूर्वी ठेकेदारानं मला साईट सुपरवायझर केलं. केज-अंबाजोगाई पट्ट्यात ३८ किलोमीटरचा रूट आहे, २४ फायबरची केबल, ४०/३३ चा (बाहेरून ४०, आतून ३३ मिलिमीटर) एचडीपीई डक्ट म्हणजे केबलची प्लास्टिक नळी, दोन-दोन किलोमीटरचे ड्रम. हाताखाली खोदाईच्या दोन टोळ्या, एक जेसीबी, डक्टमधून हवेनं केबल ढकलणारी ब्लोइंगची गाडी आणि दोन जॉइंटर. जॉइंटचं काम मला झोपेत पण येतं पण माणसं सांभाळणं वेगळंच निघालं.

अडचण एक, चराची खोली. १६५ सेंटीमीटर पाहिजे, काळ्या मातीत मिळते पण घाटाकडं वर गेलं की हातभर मुरूम आणि खाली काळा पाषाण, टोळीला रनिंग मीटरवर पैसे आहेत त्यामुळं मी पुढच्या पिटवर गेलो की मागं डक्ट टाकून बुजवून मोकळे होतात.

अडचण दोन, सहाव्या जॉइंटला, ओटीडीआरवर (फायबरमध्ये उजेड सोडून तो कुठं किती कमी होतो ते दाखवणारं यंत्र) साधारण १२.४ किलोमीटरला, ०.४ डीबीच्या आसपास लॉस म्हणजे उजेडाची घट दिसतेय. तो जॉइंट मामांनी केलाय, आमचे जुने जॉइंटर, मला पहिल्यांदा क्लिव्हर (फायबर कापायचं हत्यार) हातात त्यांनीच दिला. मशीनवर सगळ्या स्प्लाइसला (फायबरच्या जोडांना) ०.०१, ०.०२ आलेलं, त्याचे फोटो पण आहेत. मी म्हणलं मामा जॉइंट उघडून बघावं लागंल, तर तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतायत. मला त्यांचा अपमान करायचा नव्हता. काय करू?

मुरूम_आणि_डक्ट:
अरे भावा, आधी खोलीचं बोलतो कारण जॉइंट उघडता येतो पण बुजवलेला चर परत कुणी उघडत नाय. मी १८ वर्षं खोदाईवर आहे. एकच नियम ठेव, डक्ट टाकायच्या आधी मोजमाप, आणि ते तू स्वतः घ्यायचं, मुकादमाच्या तोंडी हिशोबावर नाय. पट्टी चरात उभी धर, शेजारी चेनेजची (रूटवरच्या अंतराची) पाटी, फोटो काढ, लगेच वहीत टाक. दर दहा-वीस मीटरला. आणि मुकादमाला आधीच सांगून ठेव की मोजायच्या आधी बुजवलेल्या मीटरचं बिल निघणार नाय. एकदा खरंच थांबवलंस की परत बुजवत नायत.

पाषाण लागला तर टोळीला दोष देऊ नको, तिथं १६५ ब्रेकर लावून पण जात नाय कधीकधी. तिथं डिपार्टमेंटच्या इंजिनिअरला बोलवून घे, जेवढी खोली मिळाली तेवढीच लिही, आणि कमी खोलीला जे प्रोटेक्शन मंजूर असंल, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप म्हण, काँक्रीट म्हण, ते करून त्याचा पण फोटो. १२० ला १६५ लिहिणारे मी बघितलेत, दोन वर्षांनी रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी येतो आणि अख्ख्या तालुक्याचं नेट जातं आणि मग रात्री दोनला चिखलात आपणच उभे असतो.

आणि अजून एक, मनापासून सांगतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाण्यानं फुगते, दीड मीटरच्या खाली गेलेला चर एका पावसात बसतो. आमच्या एका साईटवर माणूस कमरेपर्यंत गाडला गेला होता, वाचला, पण ओढून काढायला अर्धा तास लागला आणि त्याचा आवाज अजून कानात आहे. काढलेली माती काठावर ठेवू देऊ नको, निदान दीड मीटर लांब टाकायची, खोल जागी फळ्यांचा आधार द्यायचा आणि आत एकट्याला उतरवायचं नाय.

दसरा झाला की तुझ्याकडच्या अर्ध्या टोळ्या ऊसतोडीला जाणार, मुकादमांनी कारखान्याची उचल घेतलेली असते, तेव्हा खोदाई त्याच्या आधी उरकता येती का बघ. आणि मजुराचा आठवड्याचा हिशोब त्याच आठवड्याला मिटवायला लाव ठेकेदाराला. ज्याचे पैसे अडकलेत तो खोली बघत नाय, मीटर बघतो.

ट्रेस_वाचणारी:
दादा, मी टेस्टिंगच्या टीममध्ये आहे, दिवसभर ओटीडीआरच्या ट्रेस बघत बसते. मामांचा जॉइंट उघडायच्या आधी तीन गोष्टी सांगा. हा ०.४ चा लॉस १३१० नॅनोमीटरच्या उजेडाला आहे का १५५० च्या? एका फायबरला आहे का सगळ्या? आणि ओटीडीआर दोन्ही टोकांकडून मारलंय का एकाच?

मशीनवर जो आकडा येतो तो मशीनचा अंदाज असतो, ते कॅमेऱ्यात फायबरची कड आणि कोअर (मधला गाभा) जुळलेला बघून सांगतं, खरा उजेड मोजत नाही. त्यामुळं मशीनवर ०.०२ आणि ओटीडीआरवर ०.४ हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं आणि मामांनी खोटं काही केलेलं नसू शकतं. हे त्यांना आधी सांगा, खूप फरक पडतो.

बालाघाट_जॉइंटर:
ताई, आज परत मारून बघितलं. १५५० ला ०.३८ ते ०.४३, १३१० ला मात्र ०.०५ च्या आसपास. आणि केबलमधल्या नारंगी ट्यूबमधल्या (एका नळीत सहा फायबर असतात) सहाच्या सहा फायबरला, बाकीच्या तीन ट्यूब एकदम स्वच्छ. फक्त केजकडच्या टोकानं मारलंय, दुसऱ्या टोकाला अजून केबल टर्मिनेट झाली नाय.

ट्रेस_वाचणारी:
मग स्प्लाइस नाहीच हो हा. १५५० ला जास्त आणि १३१० ला जवळपास काही नाही म्हणजे कुठंतरी फायबर वाकलाय. लांब तरंगलांबीचा उजेड वाकलेल्या जागी आधी बाहेर पडतो. स्प्लाइस खराब असती तर दोन्हीला दिसली असती. आणि सहा स्प्लाइस एकाच मापानं बिघडतील का? नाही. सहाही फायबर एकत्र जिथं आहेत ती एकच जागा, ट्यूब. जॉइंटमध्ये स्प्लाइस ठेवायच्या ट्रेच्या तोंडाशी नारंगी ट्यूबला टाय कसा बांधलाय बघा, किंवा ट्यूब ट्रेखाली वळवताना चेपलीय का ते. १३१० आणि १५५० च्या ट्रेस एकावर एक टाकून दाखवा मामांना, काही बोलायची गरज पडणार नाही.

आणि एका टोकाचा आकडा फायनल धरू नका. दोन वेगळ्या ड्रमच्या फायबरचा मोड फील्ड (आतल्या उजेडाच्या झोताची रुंदी) थोडा वेगळा असला की एका बाजूनं लॉस जास्त दिसतो आणि दुसऱ्या बाजूनं चक्क गेन दिसतो, उजेड वाढला असं. दोन्हीची सरासरी काढली की खरा आकडा. लाँच केबल (ओटीडीआर आणि फायबरच्या मधली जादा केबल) लावायला विसरू नका, नाहीतर पहिला कनेक्टर दिसतच नाही.

अजून एक, १२.४ हे फायबरचं अंतर आहे, रस्त्याचं नाही. ट्यूबमध्ये फायबर थोडा जास्तीचा असतो, प्रत्येक चेंबरला (जॉइंटच्या जमिनीतल्या खड्ड्याला) केबलचा लूप असतो, तेव्हा रस्त्यावर ती जागा अलीकडंच येणार. ॲज बिल्ट ड्रॉइंगमध्ये (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या नकाशात) प्रत्येक लूपची लांबी आणि केबलच्या अंगावरचा मीटरचा आकडा लिहून ठेवा. पुढं केबल तुटली की कुठं खोदायचं ते त्यावरूनच कळतं.

जुना_लाइनमन:
मामांबद्दल दोन शब्द. मी रिटायर्ड माणूस, तांब्याच्या केबलपासून काम केलंय, आमच्यावर पण पोरं साहेब होऊन आली. जॉइंट उघडायचं सांगितलंस त्याचं दुःख नसतं रे, चार जणांसमोर सांगितलंस का ते आठवून बघ. एकटा जा, चहा घे, म्हण मामा हा आकडा मला कळत नाय, तुम्ही बघा. खोटं नाय ते, तुला खरंच कळला नव्हता. त्यांच्या हातानं उघडू दे.

आणि तुला ज्यांनी शिकवलं त्यांच्या तब्येतीकडं बघ. तंबू लावतोस का जॉइंटला? धूळ आणि वारा लागला की आर्क (फायबर वितळवणारी ठिणगी) बिघडते, वयस्कर माणसाचे डोळे जातात ते वेगळं. क्लिव्ह केल्यावर पडणारे काचेचे तुकडे केसासारखे बारीक, कातडीत गेले की दिसत नायत, ते चिकटपट्टीवर घ्यायचे आणि झाकणाच्या डबीत टाकायचे. त्याच चटईवर भाकरी सोडून बसलेले जॉइंटर बघितलेत मी, ते आधी बंद कर. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा घालून बघायचं नाय, तो उजेड डोळ्याला दिसत नाय पण इजा करतो.

मुरूम_आणि_डक्ट:
बरोबर काका. आणि गावात शिरायच्या आधी कॉल बिफोर यू डिग ॲपवर नोंद टाक, मार्च २०२३ पासून आहे ते, ज्यांच्या लाइनी तिथून जातात त्यांना कळवता येतं. पण तेवढ्यावर थांबू नको, ग्रामपंचायतीचा जो माणूस पाणी सोडतो त्याला सोबत घेऊन चालत जा, पाइप कुठून गेलाय ते कागदावर नसतं, त्याच्या डोक्यात असतं. आम्ही नाय विचारलं एका गावात, एप्रिल महिना, मेन पाइप फुटला, दोन दिवस बायका टँकरमागं फिरल्या. पाइप आमच्या खर्चानं जोडून दिला पण त्या गावानं नंतर आम्हाला चेंबरला जागा दिली नाय आणि ते बरोबरच होतं त्यांचं.

बालाघाट_जॉइंटर:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल सकाळी मामांच्या घरी गेलो, ताईंनी सांगितल्यासारखं दोन्ही ट्रेस एकावर एक टाकून मोबाईलमध्ये दाखवल्या. बराच वेळ बघत बसले, मग म्हणले चल. चेंबरचं झाकण काढलं, क्लोजर (जॉइंटची पेटी) वर घेतलं, ट्रे उघडला तर एक पण स्प्लाइस हललेली नाय, स्लीव्ह (जोडावरच्या संरक्षक नळ्या) सगळ्या एका ओळीत. नारंगी ट्यूबचा टाय मात्र एवढा आवळलेला की ट्यूबला कंबर पडलेली. मामांनी तो कापला, ट्यूब बोटानं थोडी गोल करून मागं घेतली, नवा टाय हलक्या हातानं लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणले, मार आता. १५५० ला ०.०६. सहाही फायबरला.

परत येताना त्यांनीच सांगितलं की त्या दिवशी पाऊस यायला लागला होता आणि तंबू दुसऱ्या जॉइंटवर होता, घाईत आवळला. तंबू एकच दिलाय दोन जॉइंटरला, ही चूक माझ्याकडं येते. ठेकेदाराला दुसरा मागितलाय.

खोलीचं मोजमाप सोमवारपासून चालू केलं. पहिल्याच दिवशी ४० मीटर बिलाबाहेर ठेवले, मुकादम चिडला, पण तो हिशोब शनिवारीच मिटवून घेतला, ते ४० मीटर परत उघडून खोल केले त्यांनी. घाटातल्या पाषाणाला इंजिनिअर बुधवारी येतायत. तिथं जीआय पाइपला जॉइंट कसा करता, कपलिंग का वेल्डिंग? वेल्डिंग केलं तर आतला डक्ट वितळंल अशी भीती वाटते.

मुरूम_आणि_डक्ट:
कपलिंगच. वेल्डिंगचं नाव पण काढू नको.