मेणबत्ती विझल्यावर ग्लासात पाणी का चढतं? मुलांना पटेल असा प्रयोग हवा आहे

नमस्कार मंडळी,

वाईजवळच्या एका गावात वाचनालयाच्या ओट्यावर दर शनिवारी पाचवी ते सातवीच्या मुलांना विज्ञानाचे प्रयोग करून दाखवते. प्रयोगशाळा वगैरे नाही. ताटं, ग्लास, फुगे, स्ट्रॉ, बिनसुईच्या सिरिंजा, एवढाच संसार. सध्या हवेचा दाब चालू आहे.

सुरुवात झकास झाली. काठोकाठ भरलेल्या ग्लासावर जुनी लग्नपत्रिका दाबून ग्लास उलटा केला. पत्रिका जागची हलली नाही. हवा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो वजनाइतक्या जोराने ढकलते, म्हणजे जवळपास १० मीटर उंचीचं पाणी तोलून धरते, मग वीतभर ग्लासाची काय कथा, हे मुलांना पटलं. मग बाटलीच्या तोंडात स्ट्रॉ घालून भोवती कणीक घट्ट लिंपली. गालफडं बसेपर्यंत ओढलं तरी पाणी जेमतेम थोडं चढून अडलं. कणकेला टाचणीने भोक पाडलं आणि पाणी आलं! पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, हे मला फळ्यावर लिहावंसुद्धा लागलं नाही.

गाडं अडलंय मेणबत्तीपाशी. ताटात रंगीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून ग्लास उपडा. ज्योत विझते आणि पाणी आत चढतं. बहुतेक व्हिडिओंत याचं कारण सांगतात की ऑक्सिजन जळून गेला, रिकाम्या जागेत पाणी शिरलं, आणि हवेत ऑक्सिजन एकपंचमांश म्हणून पाणीही तेवढंच चढलं. मला ते पटत नाही. पण मुलं हे व्हिडिओ बघूनच येतात. मी एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी बरंच जास्त चढलं. सहावीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "ताई, ग्लास तोच, मग तिघींनी जास्त ऑक्सिजन आणला कुठून?"

प्रश्न बिनतोड आहे. ग्लास उपडा करताना काठाखालून बुडबुडे निघतात हेही मुलांनी पाहिलंय. तापलेली हवा पसरून बाहेर जाते, उरलेली थंड झाल्यावर आकसते, आतला दाब घटतो, हे मला माहीत आहे. पण मी सांगितलं म्हणून खरं, असं नको. उष्णतेचा भाग वेगळा आणि ऑक्सिजनचा वेगळा दाखवणारं काही सुचवाल का? खर्च कमी हवा आणि मुलांच्या हाती देता यावं. अंड्याचा बाटलीतला प्रयोग नको, बरीच घरं माळकरी आहेत.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, ज्योतच काढून टाका. काचेचा ग्लास आधी कोमट, मग कडक गरम पाण्याने भरून मिनिटभर ठेवा (एकदम गरम ओतलं तर तडकेल). पाणी ओतून टाका आणि लगेच गार पाण्याच्या ताटात उपडा घाला. मेणबत्ती नाही, जळणं नाही, तरी पाणी चढतं. पाण्याची वाफ थंड होऊन पाणी होते, त्याचाही यात मोठा वाटा असतो. गरम पाणी मात्र तुम्हीच हाताळा.

मुलांसाठी पातळ प्लास्टिकची बाटली: गरम पाणी घालून हलवायचं, ओतून टाकायचं, झाकण घट्ट लावून नळाखाली धरायची. बाटली कडकड करत चेपते.

मेणबत्तीच्या प्रयोगातही पाणी *केव्हा* चढतं ते मुलांना बघायला सांगा. ऑक्सिजन कारण असता तर ज्योत जळत असतानाच सावकाश चढलं असतं. प्रत्यक्षात मुख्य उसळी ज्योत विझल्यावर येते.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, फक्त ऑक्सिजनचा वाटा अगदी शून्य नाही. मेण जळताना ऑक्सिजन जातो तसा कार्बन डायऑक्साइड तयारही होतो, ढोबळमानाने तीन भाग गेला की दोन भाग आला. शिवाय बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच ज्योत विझते. म्हणून एकपंचमांश हा आकडा जुळला तर तो योगायोग.

खरा एकपंचमांश बघायचा तर गंज चढू द्या. सरळ बाजूंचा उंच ग्लास आतून ओला करून लोखंडाचा कीस चिकटवा आणि पाण्याच्या ताटात उपडा ठेवा. दोन-चार दिवसांत पाणी हळूहळू चढून साधारण एकपंचमांशावर थांबतं. उष्णता नाही, बुडबुडे नाहीत. मुलांना रोज स्केचपेनने खूण करू द्या. भांडी घासायची स्टीलची घासणी वापरू नका, ती गंजत नाही.

प्रतिसाद ३

वाईत राहता आणि पसरणी घाट विसरलात! वेफर्सचं बंद पाकीट आणि झाकण लावलेली रिकामी बाटली घेऊन पाचगणीला जा. चढण साधारण पाचशे-सहाशे मीटरची, आणि दर शंभर मीटरला दाब एक टक्क्याहून थोडा जास्त कमी होतो. वर पाकीट टम्म फुगतं, कानात दडे बसतात. वर पोचल्यावर बाटलीचं झाकण उघडून परत घट्ट लावा, खाली येईपर्यंत ती चेपलेली असेल. अट एकच, वेफर्स परतीच्या वाटेवर खायचे. पोरं ऐकणार नाहीत, दोन पाकिटं घ्या.

अरविंद गुप्तांच्या टाकाऊतून बनवलेल्या खेळण्यांतही पंपाचे सोपे प्रकार आहेत, तेही बघा.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. या शनिवारी बाटली आणि गरम ग्लास, लोखंडाच्या किसाचा ग्लास त्याच दिवशी लावून वाचनालयात ठेवते. गावात लेथवाला आहे, त्याच्याकडचा चुरा चालेल का? तेलकट असतो.

प्रतिसाद २

चालेल, पण आधी कपड्यांच्या पावडरीने दोन पाण्यांत खळबळून धुवा. तेल राहिलं तर गंज धरणार नाही. आणि चुरा लोखंडाचाच आहे ना, ते चुंबक लावून बघा. पितळ, ॲल्युमिनियम मिसळलेलं असतं.