मदत हवी आहे : १:८७ प्रमाणातील वखारीची ट्रॉली जाताना सावकाश आणि परतताना वेगाने कशी चालवावी?

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा. गेली सहा वर्षे फावल्या वेळात १:८७ प्रमाणाची छोटी रेल्वे बांधत आहे आणि सध्या तिच्या एका सायडिंगला लागून लाकूड कटाईची वखार उभी करण्याचे काम हाती घेतले आहे. इमारत, पत्रे, ओंडके यांचे बरेचसे जमले आहे. घोडे अडले आहे ते करवतीपुढच्या ट्रॉलीशी. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने यंत्रांचे ज्ञान ऐकीव आहे. प्रश्न नेमका कळावा म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी देतो.

देखाव्याचा काळ १९६५ च्या सुमाराचा धरला आहे. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला आणि १९७१ मध्ये तो ब्रॉडगेज झाला, म्हणजे माझ्या काळात तो मीटरगेजच (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला) होता. त्याचा फायदा असा की दांडेलीच्या जंगलातला सागवान अळणावरला गाडीत चढला, तर लोंढा, बेळगाव, मिरज करत डबा न बदलता थेट कोल्हापुरात उतरू शकतो, अशी कल्पना करायला हरकत नाही. एक मीटरचे ८७ वे अंश म्हणजे साधारण साडेअकरा मिमी होतात, म्हणून मी १२ मिमी रुंदीचे रूळ वापरले आहेत.

आमचे जुने घर एका वखारीला लागून होते. तिथली करवत उभ्या बँड-सॉची, म्हणजे वर एक चाक, खाली खड्ड्यात दुसरे आणि दोन्हींवरून फिरणारा पोलादी पट्टा. ओंडका चिमट्यांनी ट्रॉलीवर पक्का करत आणि दोन गडी ती ट्रॉली रुळांवरून पात्याकडे ढकलत. ढकलणे अतिशय सावकाश असे. पाते लाकडात शिरले की त्याचा आवाज खाली येई, आणि गाठ लागली की तो कण्हल्यासारखा होई. फळी सुटून बाजूला पडली की मात्र एकटा गडी ट्रॉली ओढत जवळजवळ पळतच मागे येई. हा सावकाश जाण्याचा आणि भरकन परतण्याचा ठेका मला मॉडेलमध्ये हवा आहे. तो नसेल तर ती वखार न वाटता खेळणे वाटते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मापे अशी आहेत. करवतीचे ३६ इंची चाक या प्रमाणात साडेदहा मिमीचे होते, म्हणजे शर्टाचे बटण, आणि मी खरोखर बटणच वापरले आहे. हातभर अंतरावरून त्याची चार भोके चाकाच्या आऱ्यांमधल्या फटींसारखी दिसतात. (त्याआधी उद्यमनगर या आमच्याकडच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका परिचित लेथवाल्यांकडून पितळी चाक करून घेतले होते. मी घ्यायला गेलो तेव्हा ते त्यांच्या पोऱ्याने वायसर समजून खोक्यात टाकलेले निघाले.) पाच मीटर लांबीचा ओंडका ५७ मिमीचा होतो, त्यामुळे ट्रॉलीला साधारण ७० मिमी चाल लागते. बैठकीच्या प्लायवूडखाली यंत्रणेसाठी ४० मिमी उंची मोकळी आहे.

आतापर्यंत दोन प्रयत्न झाले. पहिल्यात गिअर मोटरच्या चकतीवर खिळा बसवून साधा दांडा जोडला. ट्रॉली पुढे-मागे सारख्याच वेगाने हलली, आणि तीही मध्यावर जोरात व टोकांना मंद, म्हणजे शिवणयंत्राच्या सुईसारखी. दुसऱ्यात आटे पाडलेला रॉड आणि दोन टोकांना दोन स्विच लावून मोटरची दिशा उलटवली. आठ दिवस उत्तम चालले. नवव्या दिवशी स्विच दबला नाही आणि ट्रॉलीने वखारीची मागची भिंत पत्र्यासकट बाहेर ढकलली. मी तेव्हा चहा आणायला स्वयंपाकघरात गेलो होतो. परत येईपर्यंत मोटर कुरकुरतच होती.

त्यानंतर उद्यमनगरातच एक जुने शेपर मशीन (धातू तासण्याचे यंत्र) चालताना पाहिले. त्याचे हत्यार कापताना सावकाश पुढे जाते आणि परतताना झटकन मागे येते. कारागिरांनी झाकण काढून आतला खाच पाडलेला दांडा दाखवला. दांड्याचे एक टोक बिजागरीसारखे स्थिर असते आणि फिरत्या चाकावरची पिन त्याच्या खाचेत सरकते. मी घरी येऊन कागदावर मांडले ते असे : पिनेचे वर्तुळ १५ मिमी त्रिज्येचे आणि चाकाचे केंद्र बिजागरीपासून ३० मिमीवर ठेवले, तर दांडा दोन्ही बाजूंना ३० अंश झुकतो, एका फेऱ्यातले २४० अंश जाण्यात आणि १२० अंश परतण्यात जातात. दांडा ७० मिमीचा ठेवल्यास टोकाची चालही बरोबर ७० मिमी येते. मिनिटाला तीन फेरे घेणारी मोटर लावली तर जायला सुमारे १३ सेकंद आणि यायला साडेसहा सेकंद. कागदावर तरी हे मनासारखे आहे.

अडचण अशी की दांड्याचे टोक सरळ रेषेत न जाता कमानीत जाते आणि मध्याच्या व टोकाच्या जागेत साडेनऊ मिमीचा फरक पडतो. ट्रॉली तर सरळ रुळांवर आहे. मध्ये आणखी एक जोडदांडा घालावा, तर तो ट्रॉलीला तिरकी ओढ देईल आणि एवढी हलकी ट्रॉली रुळावरून उतरेल, अशी भीती वाटते. ही सारी यंत्रणा आडवी झोपवून बसवता येईल का, आणि दांडा कशाचा करावा?

जाता जाता दोन लहान शंका विचारतो. सुताराकडून आणलेली सागाची रंध्याची साले मी फळ्यांसाठी वापरत आहे, कारण एक इंची फळी या प्रमाणात ०.२९ मिमीची होते आणि बाजारातले अर्ध्या मिमीचे व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) जवळजवळ पावणेदोन इंची फळीसारखे जाड दिसते. ही साले इस्त्रीने सपाट होतात, पण आपल्याकडच्या जुलैच्या हवेत पुन्हा गुंडाळतात. दुसरे, पात्यासाठी कॅसेटच्या फितीची सव्वा मिमीची पट्टी कापून दोन बटणांवर चढवली आहे, ती दर मिनिटाला निसटते. कोणी हे केले असल्यास मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपले गणित बरोबर आहे, फक्त जोडदांड्याचा विचार सोडून द्या. दांड्याच्या वरच्या टोकालाही दुसरी खाच पाडा, ट्रॉलीच्या पोटाला उभी पिन लावा आणि ती प्लायवूडमधल्या सरळ फटीतून खाली उतरवून या खाचेत बसू द्या. कमानीचा फरक खाच गिळून टाकेल. मात्र त्यासाठी ट्रॉलीची रेषा बिजागरीपासून ७० नव्हे, तर ६०–६१ मिमीवर घ्यावी लागेल, म्हणजे चाल ७० मिमी राहील. पहिली खाच बिजागरीपासून १४ ते ४६ मिमी आणि दुसरी ५९ ते ७२ मिमी, त्यामुळे दोन्ही एकमेकींत मिसळत नाहीत. दांडा दीड मिमी पितळी पट्टीचा करा. ॲक्रिलिकची खाच काही महिन्यांत ढिली होते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. सगळे आडवे बसवले तर २५ मिमी उंची पुरेल. मोटर थेट प्लायवूडला स्क्रूने आवळू नका, नाहीतर बैठक ढोलासारखी घुमेल. मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला.

फीत निसटते, कारण बटणाचा काठ सपाट आहे. पट्टा नेहमी चाकाच्या उंच भागाकडे चढतो, म्हणून पट्ट्याचे चाक मधोमध किंचित फुगीर ठेवतात. पण मला विचाराल तर पाते स्थिरच ठेवा आणि फक्त वरचे चाक फिरवा. फिरणारे पाते लांबून स्थिर पट्टीसारखेच दिसते, आणि खालचे चाक खड्ड्यात असल्याने ते कोणाला दिसणारच नाही.

सालांना दोन्ही बाजूंनी लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्या. एकाच बाजूने दिलात तर ती अधिकच वळतील. थप्पी लावताना दोन फळ्यांमध्ये पातळ आडव्या पट्ट्या घाला. खऱ्या वखारीतही ओले लाकूड वाळताना हवा खेळावी म्हणून तशा घालतात, आणि चिकटवलेल्या पट्ट्या फळ्यांना धरूनही ठेवतात.

मूळ प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. पितळी दांडा उद्यमनगरातून करून आणला, यावेळी खोक्यात न टाकता त्यांनी तो हातात दिला. पहिल्यांदा मोटर सुरू केली तेव्हा ट्रॉली भरधाव पात्यावर गेली आणि मुंगीच्या पावलांनी परतली. दोन तास दांडा उलटसुलट करून पाहिल्यावर मुलीने मोटरच्या वायरी अदलाबदल करायला सांगितल्या, आणि काम झाले. घड्याळ लावून मोजले : जायला १४ सेकंद, यायला ७. पाते आपल्या सांगण्याप्रमाणे स्थिर ठेवले आहे, आणि खरेच फरक कळत नाही. सालांना पॉलिश दिले आहे. पावसाळा लागला की त्यांचे काय होते ते इथेच कळवीन.

आता ढकलणारे दोन गडी उभे करायचे आहेत. या प्रमाणात माणूस जेमतेम १९ मिमीचा होतो, आणि मिळतात ती सारी माणसे परदेशी कारखान्यातल्या कामगारांच्या टोपीतली. त्या टोप्या ब्लेडने तासून त्यांना टिश्यू पेपरचे पटके बांधत आहे. एक बांधून झाला.