लीड्सहून स्किप्टनपर्यंत कालव्याकाठच्या वाटेने सायकल: कुटुंबासह जमेल का?

प्रश्न: पिंपरीकर_लीड्समध्ये

नमस्कार. नोकरीनिमित्त आम्ही पिंपरीहून लीड्सला राहायला आलो असून लीड्स-लिव्हरपूल कालवा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. संध्याकाळी कर्कस्टॉलच्या जुन्या मठाच्या अवशेषांपर्यंत आम्ही सायकलने जाऊन येतो. वाट जवळजवळ सपाट आहे, मोटारींचा त्रास नाही, आणि ही वाट पुढे कुठवर नेईल हे कुतूहल आता स्वस्थ बसू देत नाही. नकाशावर पाहता ती शिप्ली, सॉल्टेअर, बिंगली करत थेट स्किप्टनला, म्हणजे यॉर्कशायर डेल्स या डोंगर-दऱ्यांच्या प्रदेशाच्या उंबरठ्यावर पोहोचते. येत्या मे महिन्यात एखाद्या शनिवारी मी, पत्नी आणि अकरा वर्षांची मुलगी असे तिघांनी निघावे, असा विचार आहे. आम्हा दोघांकडे साध्या हायब्रिड सायकली आहेत, मुलीची २४ इंची चाकांची आहे, आणि लांब पल्ल्याची सवय तिघांपैकी कोणालाही नाही.

एका दिवसात हे अंतर झेपेल का, वाट सगळीकडे इतकीच चांगली आहे का, सायकलसाठी काही परवाना लागतो का आणि परतताना सायकलींसह रेल्वेने येता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मुलीला पोहता येते, तरी पाण्याच्या इतक्या जवळून जाताना कोणती काळजी घ्यावी, हेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद १: एअरकाठ

लीड्स ते स्किप्टन हे अंतर कालव्याच्या वळणांसकट सुमारे ४७ किलोमीटर भरते, आणि सवय नसलेल्या कुटुंबाने ते एका दमात काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सॉल्टेअर साधारण २२ किलोमीटरांवर आणि बिंगली साधारण २६ किलोमीटरांवर आहे. पहिल्या खेपेस बिंगलीपर्यंतच जावे. तेवढ्यातही पाहण्यासारखे इतके आहे की वेळ कमीच पडेल.

परवाना लागत नाही आणि शुल्कही नाही. २०१२ पासून या कालव्याची देखभाल कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था करते आणि तिचा मुख्य नियम एवढाच, की वाटेवर पहिला हक्क पायी चालणाऱ्यांचा. घंटी दोनदा हलकेच वाजवावी, वेग कमी करावा आणि समोरच्याने जागा दिल्यावरच पुढे जावे. घंटी ऐकून लोक दचकतील अशा वेगाने मागून येणारे सायकलस्वार इथे कोणालाच आवडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

वाटेची अवस्था मात्र सर्वत्र सारखी नाही. लीड्सपासून शिप्ली-बिंगलीपर्यंतचा बराचसा भाग गेल्या काही वर्षांत पक्का केलेला आहे. तुमच्या हायब्रिड सायकली तिथे निर्धास्त चालतील. बिंगलीच्या बऱ्याच पुढे गेल्यावर वाट काही ठिकाणी अरुंद आणि गवताळ होते व पाऊस पडून गेला असेल तर चिखलही लागतो. पंक्चरचे सामान आणि एक जादा ट्यूब जवळ असू द्या, कारण कडेच्या हॉथॉर्नच्या कुंपणांची छाटणी झाली की त्याचे बोटभर काटे वाटेवर विखुरतात आणि ते दिसण्याआधीच टायरमध्ये शिरलेले असतात. ही छाटणी मुख्यतः पक्ष्यांच्या विणीचा हंगाम टाळून होत असल्याने मे महिन्यात धोका कमी, एवढाच दिलासा.

शहरातून बाहेर पडताना घाई करू नका. स्टेशनाजवळच्या ग्रॅनरी व्हार्फपासून सुरुवात केलीत तर थोड्याच वेळात आर्मली मिल्सची इमारत लागते. ती जळाल्यावर १८०५ मध्ये बेंजामिन गॉट यांनी नव्याने बांधली आणि त्या काळी ती जगातील सर्वांत मोठी लोकरीची गिरणी म्हणून ओळखली जात असे. आज तिथे लीड्सचे औद्योगिक संग्रहालय आहे. पुढे कर्कस्टॉल तुम्हाला परिचितच आहे. न्यूले आणि रॉडली ओलांडून ॲपर्ली ब्रिज मागे पडले की दोन्ही काठांना दाट झाडी येते आणि आपण लीड्स व ब्रॅडफर्ड या दोन गिरणी-शहरांच्या मधोमध आहोत, यावर विश्वास बसत नाही.

मग शिप्ली, आणि लगेच सॉल्टेअर. ब्रॅडफर्डच्या धुरातून आपला कारखाना बाहेर काढून टायटस सॉल्ट यांनी १८५३ मध्ये इथे प्रचंड गिरणी सुरू केली, अल्पाका लोकरीच्या कापडावर अमाप पैसा मिळवला आणि कामगारांसाठी घरे, शाळा, रुग्णालय असे अख्खे गाव वसवले. दारूचा गुत्ता मात्र गावात उघडू दिला नाही. २००१ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. गिरणीतील कापडाचे उत्पादन १९८६ मध्ये थांबले आणि आता तिथे ब्रॅडफर्डचेच सुपुत्र डेव्हिड हॉकनी यांची चित्रे पाहायला मिळतात. कालवा इथे जुनी गिरणी आणि १८६८ ची नवी गिरणी यांच्या मधून जातो, त्यामुळे सायकल चालवताना दोन्ही बाजूंना केवळ उंच दगडी भिंती आणि खिडक्यांच्या रांगा दिसतात. जेवण इथेच उरका.

प्रतिसाद २: निवृत्त_स्थापत्य

वाट सपाट का आहे, हा मुद्दा आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडा उलगडून सांगण्यासारखा आहे. पुण्यात मुठा उजव्या कालव्याच्या काठाने फिरलेल्यांना कालवा म्हटले की वाहते पाणी आठवते, कारण सिंचनाच्या कालव्याला पाणी पुढे जाण्यासाठी सतत थोडा तरी उतार द्यावाच लागतो. लीड्स-लिव्हरपूल कालवा हा नौकानयनाचा असल्यामुळे त्याचे गणित उलटे आहे. दोन लॉकांमधले (लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला, पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली नेणारा कप्पा) पाणी जवळजवळ स्थिर आणि समपातळीत ठेवायचे, त्यासाठी डोंगराच्या कुशीने समोच्च रेषा धरून वळणे घेत जायचे, आणि जी काही चढण आहे ती लॉकमध्ये एकवटायची. म्हणूनच सायकलस्वाराला मैलोन्‌मैल चढ जाणवत नाही आणि मग लॉकजवळ अचानक छोटा, पण खडा चढ समोर येतो. लीड्सपासून बिंगलीच्या माथ्यापर्यंत असे २९ लॉक आहेत.

त्यांतले शेवटचे पाच म्हणजे बिंगलीचे सुप्रसिद्ध फाइव्ह राइज. १७७४ मध्ये ते खुले झाले आणि अडीचशे वर्षांनंतरही वापरात आहेत. एका लॉकचा वरचा दरवाजा हाच पुढच्या लॉकचा खालचा दरवाजा, अशी ही सलग पायऱ्यांची रचना असून सुमारे शंभर मीटर लांबीत नाव १८ मीटर वर चढते. ब्रिटनमधील लॉकचा हा सर्वांत तीव्र जिना आहे. वरच्या कप्प्यातले पाणी खालच्या कप्प्यात सोडण्याचा क्रम चुकला तर एक कप्पा कोरडा पडतो आणि दुसरा ओसंडतो, त्यामुळे इथे लॉक-राखणदार हजर असल्याशिवाय नावांना जाऊ देत नाहीत. एखादी नाव चढत असेल तर पूर्ण चढेपर्यंत थांबा. मुलीला पाण्याचा दाब आणि पातळी ही प्रकरणे पुन्हा शिकवावी लागणार नाहीत.

बिंगलीच्या थोडे अलीकडे डाउली गॅपपाशी कालवा सात कमानींच्या पुलावरून एअर नदी ओलांडतो. पाण्यावरून पाणी नेलेले ते बांधकाम वाटेवरून जाताना फारसे लक्षात येत नाही. खाली उतरून नदीकाठाहून पाहिले तरच दिसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

जुन्या पुलांखालून जाताना कोपऱ्यांकडेही लक्ष द्या. नावा घोडे ओढत असत आणि ही वाट मुळात त्या घोड्यांसाठीच केलेली आहे. ओल्या, वाळूने माखलेल्या दोरांनी वर्षानुवर्षे घासून दगडांत बोट जाईल इतक्या खाचा पाडल्या आहेत. वाटेवर ओतीव लोखंडाचे मैलाचे खांब लागतील. त्यांच्या एका अंगाला लीड्सचे आणि दुसऱ्या अंगाला लिव्हरपूलचे अंतर असते, आणि कुठल्याही खांबावर दोन्हींची बेरीज केली तरी ती १२७ मैल आणि वर पाव मैल एवढीच येते. या कालव्याचे काम १७७० मध्ये सुरू झाले आणि १८१६ मध्ये पूर्ण झाले. मधल्या काळात पैसा संपणे, युद्धे आणि मार्गावरून यॉर्कशायर व लँकेशायरच्या भागधारकांतले तंटे, हे सगळे होऊन गेले.

प्रतिसाद ३: वाऱ्यासोबत

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु दिशा बदलावी असे सुचवतो. सकाळी रेल्वेने स्किप्टनला जा आणि तिथून बिंगलीकडे या. बिंगलीचा माथा ते गारग्रेव्ह या १७ मैलांत एकही लॉक नाही, आणि स्किप्टन या पट्ट्यातच येते; म्हणजे तुम्हाला जेमतेम २१ किलोमीटरांची, शब्दशः सपाट अशी वाट मिळेल. इथला वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, तोही पाठीशी राहील. मेंढ्यांची कुरणे, दगडी बांध आणि हाताने फिरवायचे पूल हे सारे याच भागात आहे. तुम्हाला ग्रामीण भाग पाहायचा असेल तर अर्धा दिवस शहराच्या कडेकडेने का घालवावा?

प्रतिसाद ४: एअरकाठ

वाऱ्याचा मुद्दा मान्य. मात्र हा कालवा ज्यासाठी खोदला गेला, ते लीड्सकडून निघाल्यावरच ध्यानात येते. ब्रॅडफर्डच्या व्यापाऱ्यांना स्किप्टनकडचा चुनखडक हवा होता आणि त्या भागाला कोळसा. गिरण्या काठावर आल्या त्या या वाहतुकीमागोमाग. शहरातून निघालात तर आधी गिरण्या, मग गिरणीचे गाव, मग लॉक आणि शेवटी कुरणे, असा क्रम लागतो. स्किप्टनहून थेट बिंगलीला उतरल्यास सहल सुंदरच होईल, पण सॉल्टेअर, आर्मली आणि कर्कस्टॉल यांतले काहीच वाट्याला येणार नाही. शिवाय लहान मुलीला पहिल्याच खेपेस चिखलाची शक्यता असलेल्या भागात नेण्यापेक्षा पक्की वाट बरी. स्किप्टनचा टप्पा जूनमध्ये स्वतंत्रपणे करा.

पाण्याविषयी: पुलाखाली वाट अरुंद होते आणि पलीकडचे दिसत नाही, तिथे तिघांनीही उतरून सायकल हाती धरावी. लॉकच्या कडेला तर मुलीने सायकलवर बसूच नये, कारण कालवा फारसा खोल नसला तरी रिकामा लॉक म्हणजे सरळसोट दगडी विहीरच असते. इतर वेळी एकामागोमाग चाला, मुलीला मध्ये ठेवा. बांधलेल्या नॅरोबोटींच्या (कालव्यातल्या अरुंद, लांब नावांच्या) खुंट्या आणि दोर काठालगत असतात. मासेमारी करणाऱ्यांचे गळाचे दांडे बरेच लांब असतात आणि मासा ओढताना ते दांडा पूर्ण वाटेवर मागे सरकवतात. त्यांच्या चाळीस पावले आधीच थांबून आवाज द्यावा. आणि हंसांची पिल्ले दिसली तर लांबूनच कौतुक करा, मे महिन्यात त्यांचे आईबाप कोणाचीही गय करत नाहीत.

पिंपरीकर_लीड्समध्ये

सर्वांचे मनापासून आभार. लीड्स ते बिंगली असे ठरले; दुपारचे जेवण सॉल्टेअरला. मुलीने मैलाच्या खांबांवरची बेरीज तपासण्याचे आत्ताच मनावर घेतले आहे. आता प्रश्न उरला तो परतीच्या रेल्वेचा. तीन सायकली घेऊन एका गाडीत चढता येईल का?

प्रतिसाद ५: वाऱ्यासोबत

या मार्गावर सायकलींचे वेगळे तिकीट नाही आणि आरक्षणही नाही, मात्र एका गाडीत दोनच सायकली घेण्याचा नियम आहे आणि आधी येईल त्याला जागा मिळते. गाडी रिकामी असल्यास गार्ड कधी कधी तिसरी घेऊ देतात, पण त्यावर विसंबून राहू नये. सरळ उपाय असा, की एका पालकाने मुलीसह पहिल्या गाडीने निघावे आणि दुसऱ्याने पुढच्या गाडीने यावे. घडीची सायकल घडी घालून नेल्यास ती सामान म्हणून धरतात. कोणाकडून एक उसनी मिळाली तर तिघेही एकत्र येऊ शकाल, अर्थात तिच्या लहान चाकांवर २६ किलोमीटर काढायची तयारी असेल तर. बिंगलीच्या फलाटावर फलक नीट पाहून चढा, कारण स्किप्टनहून येणाऱ्या काही गाड्या लीड्सला जातात आणि काही ब्रॅडफर्डच्या फॉर्स्टर स्क्वेअर स्थानकात जाऊन थांबतात. तिथे चुकून पोहोचलात तर सायकलींसह पुन्हा गाडी बदलण्यात तास जाईल. सुट्टीच्या दिवशी उन्हे असली की संध्याकाळच्या गाड्या डेल्समधून परतणाऱ्यांनी भरून येतात, म्हणून चारच्या आत बिंगली सोडता आले तर उत्तम.